रोहना (सैन्यवाहू जहाज)

रोहना : दुसऱ्या महायुद्धात सैन्यवाहतुकीसाठी घेतलेले ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीचे माल व उतारू वाहणारे जहाज. क्षमता ८,६०२ टन. इंग्लंडमधील टाइन नदीवरच्या हॉथॉर्न लेस्ली गोदीत १९२६ मध्ये बांधले. राजुला हे त्याच्या जोडीचे जहाज. युद्धापूर्वी ते मद्रास, नागपट्टणम व सिंगापूर या मार्गावर चाले.

युद्धसेवा : १९४० मध्ये सरकारने ते ताब्यात घेतले. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी सुमारे दोन हजार अमेरिकी सैनिकांना घेऊन ते केएमएफ-२६ ताफ्यातून सुएझमार्गे भारताकडे निघाले होते. अल्जीरियातील बुजी बंदराच्या उत्तरेस, संध्याकाळच्या सुमारास, जर्मन विमानाने सोडलेला हेन्शेल २९३ हा रेडिओ-नियंत्रित बाँब डाव्या कुशीतून इंजिनघराजवळ घुसला. वीज व पंप बंद पडले, आग भडकली. बऱ्याच होड्या मोडल्या. उतरवलेल्यांपैकी काही उंच लाटांत उलटल्या. पायोनियर या अमेरिकी सुरुंगशोधक जहाजाने सहाशेहून अधिक जणांना वाचवले. मृत १,१३८, त्यांत १,०१५ अमेरिकी. समुद्रप्रवासात शत्रूच्या हल्ल्यात अमेरिकी सैनिकांची एका वेळी झालेली ही सर्वांत मोठी हानी. तिचा तपशील अमेरिकेने कित्येक वर्षे गुप्त ठेवला.

खलाशी : उरलेल्या मृतांत बहुतेक जहाजावरचेच कर्मचारी होते, आणि त्यांत भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर मुंबईहून घेतल्या जाणाऱ्या डेकवरच्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातले दर्यावर्दी, विशेषतः कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या होते. भटारखान्यात व जेवणघरात गोवेकर असत. भरती सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या म्होरक्याच्या, हाती असे. तो आपल्या गावातली, नात्यातली माणसे घेई. हाताखाली टंडेल, सुकाणूवर सुखानी. त्यामुळे जहाज बुडाले की एकाच गावातल्या अनेक घरांवर घाला पडे. हल्ल्याच्या वेळी हे खलाशी बंदुकीविना डेकवर, होड्यांच्या दोरांशी किंवा इंजिनघरात असत. सैन्यवाहू जहाजांच्या इतिहासात त्यांना सैनिकांइतकेच स्थान असायला हवे. केवळ सैनिकांच्या आकड्यांवर संपणारा हिशेब अपुरा आहे.

स्मारके : अमेरिकेत अलाबामातील फोर्ट मिचेल येथे १९९६ मध्ये रोहनाचे स्मारक झाले. समुद्रातच अंत झालेल्या अविभाजित भारताच्या सुमारे ६,००० व्यापारी खलाशांचे दुसऱ्या महायुद्धाचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये आहे.