इमामबाडा आणि रोजगार हमी

महाराष्ट्रातून पाहुणे आले म्हणजे त्यांना बडा इमामबाडा दाखविणे हा आम्हां लखनौकर मराठी मंडळींचा कुलाचारच होऊन बसला आहे. पाहुणे भूलभुलैयात हरवतात, तुळईवाचून उभ्या असलेल्या त्या सुमारे पन्नास मीटर लांबीच्या दालनाकडे पाहून थक्क होतात आणि परततात. ही वास्तू दुष्काळी काम म्हणून उभी राहिली, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी राहते.

विक्रम संवत १८४० मध्ये, म्हणजे इ. स. १७८३-८४ च्या सुमारास, उत्तर हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडला. संवताच्या आकड्यावरून लोक त्यास ‘चालीसा’ म्हणू लागले. नबाब आसफुद्दौला याने १७८४ साली इमामबाड्याचे काम काढून हजारो हातांना मजुरी दिली. दिवसा बांधलेले रात्री पाडण्यात येई, आणि पाडण्याच्या कामावर अन्नास मोताद झालेली खानदानी माणसे तोंड लपवून अंधारात येत, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार किती, हा प्रश्न वेगळा. पण भुकेइतकीच अब्रूचीही काळजी राज्यकर्त्याने वाहावी, ही लोकांची अपेक्षा तीत स्पष्ट दिसते. मौला ज्याला देत नाही त्याला आसफुद्दौला देतो, अशी म्हण येथे रूढ झाली ती उगाच नव्हे.

तथापि हे सारे नबाबाच्या मर्जीवर होते. मर्जी फिरली तर मजुराने दाद कोणाकडे मागावी? पुढे इंग्रजी अमलात मर्जीची जागा हिशेबाने घेतली. १८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी उतरविली की दिवसाकाठी जेमतेम एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा पदरी पडे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठविला. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या. त्यांत नियम आला, परंतु हक्क आला नाही.

तो हक्क प्रथम महाराष्ट्राने दिला, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली केलेल्या प्रयोगातून ही कल्पना आकारास आली. मागोमाग १९७२ चा दुष्काळ आला. मिलो आणि सुकडी ही नावे ऐकताच आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे खडी फोडणारी माणसे उभी राहतात. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख मजूर होते. त्यानंतर १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे त्याने शासनास बांधून घेतले. खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला आणि शासनाने तितकीच भर घालावयाची असे ठरले. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेली रक्कम माणदेशातील पाझर तलावावर खर्च होऊ लागली!

सरकारी नोकरीत आयुष्य घालविल्यामुळे आम्हांस कागदाची लबाडीही ठाऊक आहे. खोट्या हजेऱ्या लागल्या, मापे चुकली, कित्येक रस्ते पहिल्या पावसात वाहून गेले. यावरून असा पैसा पाण्यात गेला म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे म्हणणे आम्हांस पटत नाही. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी बाजार मजुरास विचारीत नाही. तेव्हा शासनाने खर्च करावयाचा नाही, तर कोणी? गळती शोधावी, दोषी माणसास शासन करावे. पण काम बंद ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

२००५ साली संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा कुटुंबास वर्षाकाठी शंभर दिवसांच्या कामाची हमी देशभर मिळाली. नबाबाच्या या अवधातही मग खेड्यापाड्यांतील मजूर काम मागण्यासाठी लेखी अर्ज करू लागले, आणि तेही दिवसाउजेडी, स्वतःच्या नावाने.