माप डोळ्यांसमोर

हिवाळ्यात नशिराबादला पहाटे बंब पेटायचा तो पऱ्हाट्यांवर. पण त्या दमट असल्या, की थोडं घासलेट शिंपडावं लागे. स्टोव्ह आणि कंदीलही त्याच डब्याच्या भरवशावर. १९८०च्या सुमारास राशन दुकानापुढे माणसांआधी डब्यांची रांग लागे. दुकानातलं माप बुडाशी चेपलेलं. वर फेस आला, की माप भरल्यासारखं दिसे. अम्मी घरी येऊन घासलेट बाटलीत ओतून बघे. बाटली गळ्यापर्यंत कधी आली नाही. पण बोलायची सोय नव्हती. पुढच्या महिन्यात डबा रिकामा परतला तर?

कायदा तेव्हाही होता. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५चा. पण त्यात कारवाई सरकारने करायची. गिऱ्हाइकाने दाद मागायची कुठे? १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, ती याच प्रश्नातून. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि जिल्ह्याच्या गावी आपलं गाऱ्हाणं ऐकणारा मंच आला.

तरी चोरी थांबली नाही. राशनचं रॉकेल ओळखू यावं म्हणून निळं केलं. तेच निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं जाऊ लागलं. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला भेसळ पकडायला गेलेले अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. आपल्या भुसावळ-मनमाड लोहमार्गावरचंच हे गाव. चेपलेल्या मापाची वाट कुठवर जाते, ते त्या दिवशी कळलं.

आता घराघरात सिलिंडर आहे. आत गॅस १४.२ किलो असायला हवा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. दोन्हींची बेरीज काट्यावर दिसली पाहिजे. वजन आणि गळती तपासून मागणं हा आपला हक्क आहे. २०१९च्या नव्या कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

एवढं असूनही परवा सिलिंडर आला, तेव्हा मी पैसे दिले आणि दार लावून घेतलं. काटा आणलाय का, हे विचारायचा संकोच वाटला. अम्मीच्या गप्प बसण्यामागे भीती होती. श्रोतेहो, माझ्या गप्प बसण्यामागे काय होतं?