कादंबरींतलें बाळपण आणि माथेरानचा एक मुलगा

कादंबरीकाराला एक सोय असते, ती इतिहासकाराला नसते. नायक जसा हवा असेल, तसें त्याचें बाळपण त्याला रचतां येतें. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' बहुतांशीं आत्मकथाच. पण तिची मांडणी कादंबरीची आहे. पाण्याला भिऊन दडून बसलेल्या श्यामला आई मारूनमुटकून पोहावयास धाडते, तेव्हांच पुढच्या श्यामचा एक चिरा बसलेला वाचकांस दिसतो. इतिहासांत मात्र माणूस आधीं भेटतो, आणि त्याच्या कृत्यांवरून उलट पावलीं त्याच्या बाळपणाकडे जावें लागतें. कर्जत तालुक्यांतील भाई कोतवालांविषयीं आम्ही येथें तसेंच करणार आहों; कारण वीरमरणाच्या तेजांत त्यांचें बाकीचें आयुष्य झांकून गेलें आहे.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजीं माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबांत झाला. हें गांव वाढलें तेंच मुळीं पाहुण्यांसाठीं. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनीं तें हवा खाण्याचें ठिकाण म्हणून पसंत केलें. १९०७ मध्यें नेरळहून लहान आगगाडी वर चढूं लागली. पाहुणे बंगल्यांत उतरत. त्यांचीं ओझीं वाहणारीं, रिक्षा ओढणारीं, दाढी-हजामत करणारीं माणसें निराळीं. अशा गांवच्या मुलाला श्रीमंती पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. ती व्हरांड्यांत बसलेली त्याला रोज दिसते.

कोतवाल शिकले, वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेंत निवडून आले. येथवरची हकीकत पुष्कळांची असते. शिकलेला मुलगा गांव सोडतो आणि मागें वळून पाहत नाहीं. कोतवाल डोंगर उतरले ते खालच्या खेड्यांत जाण्यासाठीं. शेतकऱ्यांच्या मुलांकरितां त्यांनीं ४२ शाळा काढल्या. सावकाराचें दार धरावें लागूं नये म्हणून धान्याच्या कोठ्या उघडल्या. घरांत पाटी आणि दाणे या दोहोंची वाण कशी असते, हें ठाऊक असलेल्या माणसाचीं हीं कामें आहेत.

कादंबरीकार म्हणेल, दारिद्र्यानें त्यांना घडविलें. आम्हांस तें पुरतें पटत नाहीं. तेंच दारिद्र्य माथेरानच्या कितीतरी मुलांनीं भोगलें. दृष्टि कोठें वळवावी हें बाळपणानें शिकविलें असेल. पुढें काय करावयाचें, तें कोतवालांनीं जाणतेपणीं ठरविलें.

आतां १९४२ सालाकडे वळूं. खालापूर तालुक्यांत खोपोलीला १९१५ पासून आणि कर्जतजवळ भिवपुरीला १९२२ पासून टाटांचीं वीजघरें चालू होतीं. घाटमाथ्याचें पाणी नळांतून खालीं कोसळे, आणि वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे जाई. तारांखालच्या झोंपड्यांत दिवा मात्र तेलाचाच! सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत कोतवालांच्या आझाद दस्त्यानें त्या तारांचे ११ मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजीं पहांटे सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळ्यांनीं हिराजी पाटील व कोतवाल दोघेही पडले.

२०२० सालीं त्यांच्यावर चित्रपटही निघाला. मनोऱ्यांची गोष्ट अशीच रंगते, आणि तें स्वाभाविक आहे. आम्हांस मात्र ४२ हा आंकडा अधिक बोलका वाटतो. मनोरे तीन महिन्यांत पडले. शाळा त्याआधींच्या होत्या, आणि त्या काढणारा माणूस गेला तेव्हां अवघा तीस वर्षांचा होता.