रमण्यातील प्रतवारी

पेशवाईतील श्रावणमासाच्या दक्षिणेला कोणी विद्येचा उदार आश्रय म्हणून गौरवितो, तर कोणी खजिन्याची उधळपट्टी म्हणून तिच्यावर कोरडे ओढतो. परंतु ती मनुष्याची प्रत ठरविणारी एक सरकारी यंत्रणाही होती, आणि प्रत ठरली म्हणजे मनुष्य अभ्यासाला लागतो की सुखाने अभ्यास सोडतो, हा प्रश्न तिच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या हकिगतीत पुनःपुन्हा डोके वर काढतो.

तळेगावकर सेनापती खंडेराव दाभाडे यांनी पाडलेली ही वहिवाट, १७३१ साली डभईच्या रणात त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर, पहिल्या बाजीरावाने पुण्यास चालविली. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात देशोदेशींचे ब्राह्मण घ्यावेत आणि दाराशी एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवून त्यांस बाहेर सोडावे, हा सामान्यांचा प्रकार. नामांकित विद्वानांची मात्र शास्त्र्यांकडून परीक्षा होऊन त्यांची बिदागी योग्यतेप्रमाणे निराळी ठरे. जातीने ब्राह्मण नसलेल्यास या शिडीची पहिली पायरीही मोकळी नव्हती, हे येथेच नमूद केलेले बरे.

रमण्यातल्या दोन-चार रुपयांसाठी कोणी व्याकरण घोकले असेल, असे आम्हांस वाटत नाही. खरी चुरस दफ्तराच्या यादीबाहेर, समानशीलांच्या डोळ्यांसमोर चाले: वादसभेत पूर्वपक्ष मांडताना जो अडखळला त्याला पुढची कित्येक वर्षे तोंड लपवावे लागे, आणि ज्याचा शिष्य सरस निघाला त्या गुरूला न मागता पंक्तीत वरचे पान मिळे. रामशास्त्री प्रभुणे यांची प्रसिद्ध आख्यायिका याच जातीची आहे. सातारच्या एका सावकाराच्या घरी चाकरीस असताना धन्याच्या रत्नांकडे त्यांची दृष्टी खिळली, त्यावर धन्याने टोमणा मारला, आणि तो जिव्हारी लागून, पाठांतराचे वय उलटून गेले असतानाही, हा तरुण विद्येसाठी काशीस निघून गेला, असे सांगतात. कोणत्याही परीक्षकाच्या शेऱ्याने जे झाले नसते ते एका अपमानाने केले. अर्थात अशाच अपमानांनी कायमचे खचून गेलेल्यांच्या आख्यायिका मागे राहत नाहीत, म्हणून या औषधाची फार स्तुती करण्यास आम्ही धजत नाही. तेच रामशास्त्री पुढे दक्षिणावाटपास बसले असता त्यांचे वडील बंधू याचक म्हणून समोर आले. नाना फडणविसांनी नात्याच्या भिडेने वीस रुपये सुचविले, तेव्हा बंधूंची विद्या सामान्य असल्याने इतरांप्रमाणे दोनच द्यावेत, अधिक देणे असेल ते आपण घरचे देऊ, असा जबाब शास्त्रीबोवांनी दिला म्हणतात. प्रतवारीवर लोकांचा विश्वास कशाने बसतो आणि कशाने उडतो, याची त्यांना पुरती जाण होती.

१८१८ नंतर एल्फिन्स्टनसाहेबाने ब्राह्मणवर्ग बिथरू नये म्हणून दक्षिणा एकदम मोडली नाही. रक्कम मात्र पन्नास हजारांवर आणून बसविली, आणि तिच्याच एका हिश्शातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. मिळालेली प्रत या अमदानीत हयातभराचे वर्षासन होऊन बसली. नाव यादीत शिरेपर्यंत जो पहाटे उठून ग्रंथ लावीत असे, त्याला नाव शिरल्यावर ग्रंथाची गरज उरली नाही, आणि त्याला शिक्षा करावी असे कोणतेही कलम सरकारपाशी नव्हते. पुढे नवी नावे घेणेच बंद झाले, तेव्हा खाली उभा असलेल्यालाही धडपडण्याचे कारण राहिले नाही.

१८४९-५० च्या सुमारास गोपाळ हरि देशमुखांसारख्या नवशिक्षितांनी या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथरचनेला द्यावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यात मोठे काहूर उठले. जुन्या मंडळींचे खरे दुःख रुपयांचे नव्हते, असा आमचा तर्क आहे: मराठी पुस्तक लिहिणाऱ्याला त्याच दक्षिणेतून बक्षीस मिळणार, म्हणजे ज्या तराजूत आयुष्यभर आपले वजन झाले तो तराजूच बदलणार, हे त्यांना सोसेना. १८५१ साली दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि पारितोषिकांच्या अपेक्षेने भाषांतरे होऊ लागली. पुढे याच निधीतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते, आणि त्यांना दक्षिणेच्या मोबदल्यात विद्यार्थ्यांना शिकवावे लागे.