वही कोणाच्या पेटीत?

कामगार संघटनेत तीस वर्षे काढल्यावर आम्हाला एक सवय जडली आहे. कोठेही चार माणसे मिळून काम करीत असली, की तेथील नोंदवही कोणाच्या पेटीत असते, हे आम्ही प्रथम विचारतो. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे हेही सांघिक काम आहे, आणि त्याच्या वहीचा इतिहास आम्हाला फार बोलका वाटला.

१९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही ह्या जातीची आद्य वही बांधली. कोणता बदल कोणी, केव्हा केला, ते तीत राही. पुढे वॉल्टर टिची यांची आरसीएस आली. तिच्या मुख्य आज्ञा दोनच : चेक-आउट, म्हणजे फाइल कुलूप लावून नेणे, आणि चेक-इन, म्हणजे ती परत जमा करणे. कारखान्याच्या भांडारातून सही करून हत्यार न्यावे, तसे! एकाच्या हाती फाइल, तोवर दुसऱ्याने वाट पाहावी. सीव्हीएसने कुलूप काढले आणि दोघांचे बदल मागाहून जुळवण्याची रीत रूढ केली. परंतु वही एकाच मध्यवर्ती यंत्रावर राहिली.

खरी कसोटी २००५ साली लागली. लिनक्स ही जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली. तिची वही २००२ पासून बिटकीपर ह्या खाजगी साधनात होती. साधन फुकट, पण अटी मालकाच्या. वाद झाला आणि मालकाने फुकट वापर थांबवला. तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिलच्या आरंभी स्वतःच नवे साधन लिहावयास घेतले. जूनमध्ये लिनक्सची नवी आवृत्ती त्यावरच निघाली. तेच गिट.

गिटची पहिली आज्ञा क्लोन. तिने आरंभापासूनची सबंध वही आपल्या घरी येते. अॅडने नोंदीत घ्यावयाचे बदल निवडावे, कमिटने ते नाव, वेळ व कारणासह पक्के करावे. येथवर कोणाची परवानगी लागत नाही. मग पुशने आपल्या नोंदी इतरांकडे धाडाव्या, पुलने त्यांच्या आणाव्या. वेगळा विचार करून पाहावयाचा, तर ब्रँच काढावी. पटला तर मर्ज करावा. लॉगने मागची पाने वाचावी. कोणती ओळ कोणाची, हे सांगणाऱ्या आज्ञेचे नाव मात्र ब्लेम! सबव्हर्जन ह्या आधीच्या साधनात तिलाच प्रेझ म्हणण्याचीही सोय होती. ती आम्हाला अधिक आवडली.

प्रत्येक नोंदीची खूण मागच्या नोंदीच्या खुणेवरून काढलेली असते. जुने पान बदलले, की पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. रीबेसने नोंदी नव्याने मांडता येतात, आणि जबरीने पुश करून त्या सामायिक वहीवर लादताही येतात. पण ज्याच्याजवळ जुनी प्रत आहे, त्याच्यापासून ते लपत नाही.

आज असंख्य वह्या गिटहबवर आहेत, आणि २०१८ साली ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. क्लोन घरोघर आहेत, हे खरे. परंतु त्या कामाविषयी तेथे मांडलेल्या तक्रारी आणि झालेल्या चर्चा क्लोनबरोबर येत नाहीत. त्या मालकाच्याच यंत्रावर राहतात.