खाली सही कोणाची?

माझी आजी प्लेगाची गोष्ट नेहमी उंदरापासून सुरू करायची. आढ्यावरून उंदीर खाली पडला, दोनदा गोल फिरला आणि चुलीपुढं मेला, की समजायचं, गाव सोडायची वेळ झाली. आमचं गाव अणदूर तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, सोलापूर इंग्रजाच्या. रोगाला दोन्ही राज्यं सारखीच. दाणे पेवात, भांडी गोणपाटात, म्हातारी माणसं बैलगाडीत आणि बाकीचे पायी, असं अख्खं गाव रानात जायचं. तुऱ्हाट्या आणि कडब्याच्या खोपी उभ्या राहायच्या. गावात कित्येक दिवस दिवा लागत नसे.

तिच्या गोष्टीतला खरा भाग पुढं होता. भावकीतल्या एका घरानं मेलेला उंदीर लपवला. रातोरात उकिरड्यात पुरला आणि सकाळी काहीच न झाल्यासारखं विहिरीवर पाणी शेंदायला आले. "कशापायी लपवला, आजी?" असं मी विचारलं की ती म्हणायची, "सांगितलं असतं तर घराचं नाव झालं असतं, लेकरा. पोरीची सोयरीक मोडली असती. मग सांगंल कोण?" त्या घरातली दोन माणसं गेली. आजीनं त्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, याचा अंदाज तिला असावा.

पुढं शाळेत १८९७च्या पुण्यातल्या प्लेगाचा धडा आला तेव्हा मला ही भावकीच आठवली. घरोघर गोरे सोल्जर घुसले, देवघरं तपासली, माणसं उचलून विलगीकरणाच्या छावणीत नेली. २२ जून १८९७च्या रात्री चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपल्याला पाठ असतं. लोकांनी आजारी माणसं माळ्यावर आणि अडगळीत लपवली, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. लोक लपवू लागले की साथ मोजायचं साधनच हातातून जातं. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगाची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. टोचणाऱ्यानं स्वतः टोचून घेतलं, हे लोकांना शास्त्रापेक्षा लवकर पटतं. त्याच वर्षी आलेला साथरोग कायदा तर अजून जिवंत आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं तोच बाहेर काढला.

१९१८च्या मानमोडीबद्दल, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीबद्दल, आजी फार बोलत नसे. रानात गेलेलेही मेले, गावात राहिलेलेही मेले, एवढंच.

देवीची गोष्ट माझ्या थोरल्या चुलत्यांची. आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो. ते मास्तर होते. माझ्या दंडावर देवी काढल्याचे व्रण अजून आहेत, पण आण्णांची गोष्ट टोचण्याची नव्हती, शोधण्याची होती. सत्तरच्या दशकात देवीचा जोर बिहार, उत्तर प्रदेश, पश्चिम बंगालकडं होता, तरी शोध सगळीकडं चालू होता. पुरळ आलेल्या लेकराचं चित्र असलेलं कार्ड घेऊन माणसं शाळेत, बाजारात, दारोदार फिरायची. असा रोगी कुठं पाहिलात का? दाखवणाऱ्याला बक्षीस होतं. ते वाढत वाढत शेवटी हजार रुपयांवर गेलं. आण्णा हसून सांगायचे, हजार रुपये ऐकल्यावर कांजिण्या झालेली पोरंसुद्धा खांद्यावर बसून शाळेत यायला लागली.

पद्धत साधी होती. रोगी सापडला की गेल्या काही दिवसांत त्याच्या घरी कोण आलं, तो कोणत्या बाजाराला गेला, कोणत्या सोयऱ्याकडं मुक्काम केला, हे विचारायचं आणि तेवढ्या सगळ्यांना गाठून देवी काढायच्या. २०२० साली ज्याला आपण 'कॉन्टॅक्ट ट्रेसिंग' म्हणू लागलो ते हेच, फक्त वही-पेन्सिलीवर. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५च्या मे महिन्यात सापडला आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. या कामात आण्णाही होते. बायका त्यांना घरातलं सगळं सांगायच्या, कोण माहेरी गेली, कोण जावई येऊन राहिला. का? तर हा मास्तर उद्या सकाळी शाळेच्या दारात सापडणार होता. काही वावगं झालं असतं तर तिथं त्याला गाठता आलं असतं.

यानंतरची गोष्ट आण्णा आवाज खाली आणून सांगायचे. आणीबाणी आली. मास्तरांना नसबंदीच्या 'केसेस' आणायला सांगितलं गेलं. कोटा ठरला, नाही भरला तर पगार अडणार. बार्शीच्या बाजारातून माणसं धरून नेली, अशा गोष्टी आमच्या भागात तेव्हापासून सांगितल्या जातात. आण्णांच्या हातात तीच वही होती, ज्यात घरोघरची माणसं, त्यांची वयं, लेकरांची संख्या लिहिलेली. ज्या बायकांनी विश्वासानं सांगितलं होतं त्यांच्याच नवऱ्यांच्या दारात आता त्याच माहितीवर उभं राहायचं. "त्या वर्षापासून मला बघून कडी लागायला लागली," आण्णा म्हणायचे. पुढं पल्स पोलिओच्या वेळी दोन थेंबांसाठी लेकरू पुढं करताना एखादी आजी विचारायची, "यानं पुढं नातवंडं व्हतील नव्हं?" शिकलेले लोक अशा प्रश्नाला अडाणीपणा म्हणतात. माझ्या मते तो अनुभव होता. फक्त चुकीच्या औषधावर चिकटलेला.

एवढं सगळं पोटात असलेल्या गावात कोरोना घेऊन २०२०चा मार्च आला. अणदूर सोलापूर–हैदराबाद महामार्गावर आहे. त्या रस्त्यानं डोक्यावर बोचकी घेऊन माणसं चालत जाताना आम्ही पाहिली. गावोगाव वेशीवर बाभळीच्या फांद्या पडल्या. पुण्या-मुंबईहून आलेली आपलीच पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत राहिली, काहीजण शेतात खोप करून. आजीची गोष्ट मोबाइल हातात घेऊन परत घडत होती. सरकारनं घरी विलग राहणाऱ्यांच्या हातावर शाईचे शिक्के मारले. शिक्का लपवायला लोक उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचे सदरे घालू लागले. उंदीर पुरणारं घर मला पुन्हा दिसलं.

२ एप्रिल २०२०ला आरोग्य सेतू हे सरकारी ॲप आलं. शेजारच्या फोनला ब्लूटूथवरून ओळखायचं, जीपीएसवरून जागा टिपायची आणि कुणी बाधित निघाला की त्याच्या जवळ आलेल्यांना कळवायचं, अशी रचना. कागदावर उत्तम. आमच्याकडं अडचण साधी होती: फोन पोराचा, तो पोरगा पुण्यात, आणि बाप बटणाच्या फोनवर. फोन असलाच तर शेतात बांधावरच्या पिशवीत. ॲपला दोन फोनांची भेट कळते. दोन माणसं एकाच बिडीवर बोलत बसली ते कळत नाही. साध्या फोनवाल्यांसाठी पुढं १९२१ हा क्रमांक आला, पण फार कुणाला तो माहीत झाला नाही.

याहून मोठी गोष्ट भरवशाची. मेच्या सुरुवातीला केंद्रानं कचेऱ्या आणि कंपन्यांतल्या सगळ्या नोकरदारांना हे ॲप सक्तीचं केलं. १७ मेला सक्ती सैल करून 'शक्य तितका प्रयत्न करा' असं म्हटलं. माहिती कोण वापरणार, किती दिवस ठेवणार, याची नियमावली निघाली ११ मे रोजी, म्हणजे कोट्यवधी लोकांनी ॲप घेतल्यानंतर. तीत संपर्काची माहिती १८० दिवसांपलीकडं ठेवायची नाही असं होतं, आणि नियमावलीलाही सहा महिन्यांची मुदत. चांगलंच होतं, पण उशिरा. ऑक्टोबरात तर कहर झाला. हे ॲप नेमकं बनवलं कुणी, या माहिती अधिकारातल्या प्रश्नाला धड उत्तर मिळेना, तेव्हा केंद्रीय माहिती आयोगानं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राला जाब विचारला. मग सरकारनं खुलासा केला की सरकारी आणि खासगी तज्ज्ञांनी मिळून ते बनवलं. एवढं सांगायला आयोगाची नोटीस लागावी?

आमच्या अणदूरकरांना हे विशेष खटकायचं कारण आमचा खंडोबा. हा देव वर्षातले दहाएक महिने अणदुरात असतो आणि उरलेले दीड-दोन महिने नळदुर्गाजवळच्या मैलारपुरात. मूर्ती एकच, देवळं दोन. देव हलवायचा तर दोन्हीकडचे मानकरी बसतात आणि लेखी करार होतो: देव कधी न्यायचा, कधी परत आणायचा. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे, सोयरिकी आहेत, भक्ती एकच आहे, तरी कागद होतो. त्यामुळं कुणाला कुणाचा अपमान झाला असं वाटत नाही. ज्या गावात देवाच्या मुक्कामालाही मुदत आणि सही लागते तिथल्या माणसाला 'परवानगी द्या' असं नुसतं बटण दाबायला सांगितलं, तर तो विचारणारच, खाली सही कोणाची?

सिंगापूरसारख्या शिस्तीच्या देशातही भरवसा असाच तुटला. तिथल्या 'ट्रेसटुगेदर' ॲपची माहिती फक्त साथीसाठी वापरू असं आधी सांगितलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये मंत्र्यांनी कबूल केलं की पोलिसांनाही ती मागता येते. लोक चिडले आणि सरकारला घाईनं कायदा करून गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घालावी लागली. आण्णांची वही तिथंही निघाली म्हणायची.

लसीचं वळण वेगळं होतं. १६ जानेवारी २०२१ला लसीकरण सुरू झालं तेव्हा गावात 'लस घेतली की माणूस दोन वर्षांत जातो', 'मर्दानगी जाते' अशा गोष्टी व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर आधी चार-सहा आठवडे, मग सहा-आठ आणि मेमध्ये एकदम बारा ते सोळा. कारण शास्त्रीय असेल, पण पारावर प्रश्न एकच: "डॉक्टरला तरी नक्की ठाव हाय का?" त्यात १ मेपासून तरुणांसाठी कोविन या सरकारी पोर्टलवर नोंदणी सक्तीची. आमच्या भागातल्या एका केंद्रावर मी पाहिलं, शहरातनं मोटारी आल्या, टोचून घेतलं आणि गेल्या. गावचं पोरगं ओटीपीची वाट बघत बाभळीखाली. महिनाअखेरीस जागेवर नोंदणी सुरू झाली तेव्हा कुठं गाव आत आलं.

आत आणलं कुणी? दुसऱ्या लाटेतल्या मरणांनी, हे पहिलं आणि कडू उत्तर. दुसरं उत्तर आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. अणदुराला या कामाची जुनी सवय आहे. डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी इथं हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि खेड्यातल्या कमी शिकलेल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. ताप, जुलाब, बाळंतपण यांत आधी दारावर कोण येतं, तर गल्लीतलीच बाई, हे इथं अनेक वर्षांपासून लोकांच्या अंगवळणी पडलेलं. आमच्या शेजारच्या आजींनी लस नाकारली तेव्हा आशाताईनं आपल्या दंडावरचा बँडेजचा तुकडा दाखवला. म्हणाली, "मला काय झालं तर माझी लेकरं तुमच्याच दारात येतील, आक्का." आजी उठल्या. हाफकिनची युक्ती तिला कुणी शिकवली नव्हती.

आरोग्य सेतूमधली संपर्क शोधायची सोय नंतर बंद केल्याचं आणि त्यातली माहिती पुसल्याचं सरकारनं संसदेत सांगितलं. जून २०२३ मध्ये कोविनची माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. मंत्रालयानं त्या निराधार म्हटल्या, आणि पुढं बिहारमधून एकाला अटकही झाली. अशा वेळी गावातला माणूस कुणाकडं जाऊन विचारणार?

पुढची साथ येईल आणि तिच्याबरोबर नवं ॲपही येईल. ते जरूर यावं, वहीपेक्षा ते वेगवान असतं. पण ते बनवणाऱ्यांनी आधी करार लिहावा, मुदत घालावी, दुसऱ्या कामाला वापरणार नाही हे कायद्यात बसवावं आणि मगच लोकांच्या खिशात हात घालावा. आणि ज्या आशाताईंच्या भरवशावर कोरोनाची लस गावागावात पोचली, त्यांना मानधन वेळेवर द्यावं.