स्वादुपिंडातली बेटं : कारण कशाला म्हणायचं आणि दोष कुणाला द्यायचा

गेल्या व्याख्यानात आपण ‘कारण’ या शब्दावर बोललो. नंतर काही जणांनी विचारलं की न्यायशास्त्रातलं ते कुंभार आणि मडकं ठीक आहे, पण एखाद्या खऱ्या शोधाला हे लावून दाखवा. म्हणून आज मधुमेहाचा इतिहास घेतला आहे. मी वैद्यकाचा डॉक्टर नव्हे, माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. तेव्हा गोळी कोणती घ्यावी हे कृपा करून मला विचारू नका. पण एखाद्या रोगाचं कारण माणसाला कसं सापडतं, आणि कारण नीट सापडण्याआधीच आपण दोष कुणाच्या माथी मारून मोकळे होतो, याबद्दल मला काही सांगायचं आहे.

रोगाचं वर्णन फार जुनं आहे. ‘मधुमेह’ हा शब्द आपल्याकडे चरक-सुश्रुतांपासून आहे. चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि मधुमेह त्यातला एक. लघवी गोड असते, तिला मुंग्या लागतात, हे त्या वैद्यांनी पाहिलं होतं. एक रोगी धट्टाकट्टा आणि स्थूल, तर दुसरा कृश आणि दुबळा, हा फरकही त्यांनी टिपला होता. पुढे 1776 मध्ये इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी दाखवून दिलं की लघवीतला तो गोड पदार्थ साखरच आहे. पण लक्षण कळलं म्हणजे कारण कळलं असं होत नाही. मूत्रपिंडात बिघाड आहे असं कुणी म्हणे, कुणी पोटाला दोष देई, आणि क्लोद बर्नार यांच्या संशोधनानंतर बऱ्याच जणांचं लक्ष यकृताकडे लागलं. स्वादुपिंडाकडे ठामपणे बोट दाखवायला 1889 साल उजाडावं लागलं.

आणि गंमत बघा, ज्या पेशींमध्ये सगळं दडलं होतं त्या पेशी त्याआधी वीस वर्षं एका विद्यार्थ्याने पाहिल्या होत्या. पॉल लँगरहान्स हे त्याचं नाव. बर्लिनमध्ये 1869 साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने सशाच्या स्वादुपिंडावर प्रबंध लिहिला. पाचक रस करणाऱ्या पेशींच्या गर्दीत त्याला फिकट रंगाच्या लहान पेशींचे वेगळे पुंजके दिसले. त्यांचं वर्णन त्याने नेटकेपणाने केलं, आणि त्या काय काम करतात हे मला सांगता येत नाही, असं सरळ लिहून टाकलं. मी आयुष्यभर प्रबंध तपासले. ‘माहीत नाही’ असं लिहिणारा विद्यार्थी फार क्वचित भेटतो, बरं का.

आपल्या नैयायिकांकडे यासाठी शब्द आहे, निर्विकल्पक प्रत्यक्ष. वस्तू दिसते, पण ती ‘अमुक’ आहे हे अजून कळलेलं नसतं. लँगरहान्सचं तसंच झालं. पुढे त्याला क्षय झाला, फ्रायबुर्गची प्राध्यापकी सुटली आणि हवापालटासाठी तो मादेरा बेटावर जाऊन राहिला. तिथे त्याने रुग्ण तपासले, समुद्रातल्या कृमींचा अभ्यास केला आणि 1888 मध्ये, चाळिशीतच, तो वारला. त्याच्या पुंजक्यांना ‘लँगरहान्सची बेटं’ हे नाव फ्रान्सच्या लागेस यांनी दिलं ते 1893 मध्ये. म्हणजे ते नाव त्याने स्वतः कधी ऐकलंच नाही.

आता 1889 कडे येऊ. जागा स्ट्रासबुर्ग, आणि माणसं दोन, ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग. त्यांचा वाद मधुमेहाचा नव्हताच. चरबी पचायला स्वादुपिंड लागतं की नाही, एवढाच मुद्दा होता. मिन्कोव्स्कीने कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. शिकवलेला कुत्रा, तरी तो प्रयोगशाळेत जागोजागी लघवी करू लागला. त्या लघवीवर माश्या बसल्या आणि त्यातून शोध लागला, अशी एक गोष्ट सांगतात. ऐकायला छान आहे, पण ती दंतकथाच म्हणायची. मिन्कोव्स्कीचे गुरू नाउनिन यांची शिस्त अशी की लघवीचं प्रमाण वाढलं की साखर तपासायची. त्याने तपासली, आणि भरपूर साखर निघाली.

इथे तर्काच्या दृष्टीने सगळ्यात देखणा भाग येतो. स्वादुपिंड काढलं की मधुमेह होतो, एवढ्यावरून ते अवयव कारणाशी जोडलेलं आहे असं म्हणता येतं. पण कुणी म्हणेल, शस्त्रक्रियेत नसा दुखावल्या असतील, त्यामुळे झालं असेल. मग मिन्कोव्स्कीने स्वादुपिंडाचा एक तुकडा त्याच कुत्र्याच्या कातडीखाली लावला आणि बाकीचं काढून टाकलं. मधुमेह झाला नाही. नंतर तो तुकडा काढला, तेव्हा झाला. यालाच आपण अन्वय-व्यतिरेक म्हणतो. ते असताना हे होतं, ते नसताना होत नाही. कातडीखालच्या तुकड्याची पाचक नळी आतड्याला जोडलेली नव्हती. म्हणजे जे काही पोचत होतं ते रक्तातून पोचत होतं.

पुढची पायरी अवयवाकडून पेशीकडे जाण्याची. रशियात सोबोलेव्ह यांनी स्वादुपिंडाची नळी बांधली. पाचक पेशी वाळून गेल्या, बेटं मात्र शाबूत राहिली, आणि मधुमेह झाला नाही. अमेरिकेत यूजीन ओपी यांनी 1901 मध्ये मधुमेहाने मेलेल्या माणसांच्या स्वादुपिंडात नेमकी हीच बेटं बिघडलेली दाखवली. दोन्ही बाजूंनी बोट एकाच जागी आलं. आणि 1909 मध्ये बेल्जियमच्या द मेयर यांनी, हाती काहीही नसताना, या अज्ञात स्रावाला नावसुद्धा देऊन टाकलं, ‘इन्सुलीन’. ‘इन्सुला’ म्हणजे लॅटिनमध्ये बेट. लँगरहान्सकडे वस्तू होती, अर्थ नव्हता. इथे अनुमान आणि नाव दोन्ही होतं, वस्तू नव्हती.

ती वस्तू मिळवण्याचे प्रयत्न बर्लिनमध्ये त्सुल्झर यांनी केले, बुखारेस्टमध्ये पाउलेस्कू यांनी केले. पाउलेस्कू यांचा निबंध ऑगस्ट 1921 मध्ये छापून आला होता, हे विसरू नये. पण रोग्याच्या दंडापर्यंत ते औषध नेलं टोरांटोने.

फ्रेडरिक बँटिंग हा तरुण शल्यचिकित्सक. ऑक्टोबर 1920 मध्ये रात्री त्याला कल्पना सुचली. त्याचा तर्क असा, की स्वादुपिंड वाटून अर्क काढला तर पाचक रस इन्सुलिनलाच खाऊन टाकत असणार. म्हणून आधी नळी बांधायची, पाचक पेशी मरू द्यायच्या आणि उरलेल्या बेटांचा अर्क काढायचा. प्राध्यापक मॅक्लाउड यांनी प्रयोगशाळा दिली, चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी मदतीला दिला, आणि 1921 च्या उन्हाळ्यात काम सुरू झालं. कुत्र्यांची साखर खाली आली.

पण गंमत पुढे आहे. काही महिन्यांतच त्यांच्या लक्षात आलं की नळी बांधायची गरजच नाही. कसाईखान्यातून आणलेलं बैलाचं ताजं, अख्खं स्वादुपिंड अल्कोहोलमध्ये घातलं तरी अर्क निघतो. डिसेंबर 1922 मध्ये केंब्रिजच्या रॉबर्ट्स यांनी जाहीरपणे लिहिलं की बँटिंगचा मूळ तर्कच चुकीचा होता, कारण ताज्या स्वादुपिंडात तो पाचक रस निष्क्रिय रूपात असतो. रॉबर्ट्स यांचं म्हणणं बरोबर होतं.

आता आपला कुंभार आठवा. मडक्याला माती लागते, चाक लागतं, दांडा लागतो, कुंभार लागतो. ही कारणं. पण माती ज्या गाढवाच्या पाठीवरून आली ते गाढव? तेही मडक्याच्या आधी हजर होतं. नैयायिक म्हणतात, ते ‘अन्यथासिद्ध’. आधी होतं खरं, पण त्याच्यावाचून अडलं नसतं, माती दुसऱ्या कशानेही आली असती. बँटिंगची नळी बांधणं हे या शोधातलं गाढव आहे. कुणी हसू नका, गाढवाने माती आणली हे खरंच आहे. ती चुकीची कल्पना नसती तर बँटिंग टोरांटोला गेलाच नसता. पण इन्सुलीन मिळण्याचं कारण ती नव्हे.

11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. मुलाचं वजन तीस किलोच्या आसपास. त्या काळी उपचार एकच होता, जवळजवळ उपाशी ठेवणं. त्याने मूल थोडे महिने अधिक जगे, हाडांचा सापळा होऊन. पहिल्या इंजेक्शनने साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झालं. मग जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोलचं प्रमाण हळूहळू वाढवत नेऊन इन्सुलिनचा साका नेमका कुठे बसतो ते शोधलं. 23 जानेवारीपासून त्याचा अर्क दिला आणि मुलगा सावरला. तो पुढे तेरा वर्षं जगला. पेटंट टोरांटो विद्यापीठाला दिलं, मोबदला प्रत्येकी एक डॉलर. 1923 चं नोबेल बँटिंग आणि मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगने आपल्या रकमेतला वाटा बेस्टला दिला, मॅक्लाउडने कॉलिपला.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. पण बेटं मरतात का, हा प्रश्न तसाच होता. बेल्जियममध्ये खेप्ट्स यांनी 1965 मध्ये दाखवलं की रोग नुकताच सुरू झालेल्या तरुणांच्या बेटांमध्ये पांढऱ्या पेशी घुसलेल्या असतात. 1974 मध्ये लंडनमध्ये बोताझो आणि डोनियाक यांच्या गटाला अशा रोग्यांच्या रक्तात बेटांविरुद्धच्या प्रतिपिंडांचा पुरावा मिळाला. म्हणजे लहान वयात होणाऱ्या, ज्याला आपण टाइप 1 म्हणतो त्या मधुमेहात, शरीराचीच संरक्षक यंत्रणा आपल्या बीटा पेशींवर उठते.

हे मी जोर देऊन सांगतो आहे त्याला कारण आहे. आजही आपल्याकडे सात-आठ वर्षांच्या मुलाला साखर निघाली की पहिला प्रश्न आईला येतो, ‘फार चॉकलेटं देत होतीस का गं?’ नाहीतर, ‘डोहाळ्यात काय खाल्लं होतंस?’ मुलगी असली तर पुढच्या लग्नाच्या काळजीने इंजेक्शन लपवून घ्यायला सांगतात. मंडळी, ‘गोड’ हा शब्द रोगाच्या नावात आहे, कारणात नाही. लघवी गोड म्हणून खाणं गोड असणार, हा तर्क गाढवाच्याही पलीकडचा आहे, कारण गाढवाने निदान माती तरी आणली होती.

मोठेपणी होणाऱ्या टाइप 2 ची गोष्ट वेगळी. तिथे वजन, खाणं, बैठं काम यांचा संबंध आहेच. पण तिथेही ‘सगळं तुझ्याच हातात होतं’ असं म्हणणं बरोबर नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं 3.5. पण आपल्या हडकुळ्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. आईच्या पोटातलं पोषणसुद्धा पुढच्या साखरेच्या कारणांत येतं. हे कारण आहे, पण तो आईचा दोष नाही. तिच्या ताटात काय पडत होतं हे तिने एकटीने ठरवलेलं नव्हतं.

शेवटी, मेलेली बेटं परत देता येतील का? सन 2000 मध्ये कॅनडातल्या एडमंटन इथे शॅपिरो यांच्या गटाने मृत दात्यांच्या स्वादुपिंडातली बेटं वेगळी करून सात रोग्यांच्या यकृतात सोडली. सातही जणांचं इन्सुलीन सुटलं. पण पाच वर्षांनी, मोठ्या गटात, इन्सुलिनशिवाय राहिलेले दहा टक्क्यांच्या आसपासच होते. शिवाय एका रोग्याला बहुधा एकाहून अधिक दाते लागतात. म्हणून हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांनी मूळ पेशींपासून बीटा पेशी वाढवल्या. त्यांच्या दोन्ही मुलांना टाइप 1 आहे. 2025 मध्ये अशा प्रयोगशाळेत वाढवलेल्या बेटांचे निष्कर्ष आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या 12 जणांपैकी 10 जण वर्षानंतर इन्सुलिनशिवाय होते. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र अजून घ्यावी लागतात. मिन्कोव्स्कीने कातडीखाली लावलेल्या तुकड्याचाच हा पुढचा प्रवास आहे.

तोवर इन्सुलीन रोज लागणार, आणि ते ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी 1922 अजून आलेलं नाही. आपल्या शेजारी, नात्यात असं मूल असेल तर एवढं करा. त्याच्या आईला काय खाऊ घातलं ते विचारू नका. इन्सुलीन वेळेवर मिळतं ना, शाळेत टोचून घ्यायला जागा आहे ना, हे विचारा.

आता प्रश्न घेऊ.